अधिवेशने भरली, रुमाल कोण सोडणार?

आपला इतिहास परकीयांनी लिहिला, ही खंत आपण नेहमी व्यक्त करतो. पण तो आपण लिहावा म्हणून लागणारी कागदपत्रे जपण्याची चिंता किती जण वाहतात? अभिलेखपाल आणि संशोधक यांना एकत्र आणणारा भारतीय ऐतिहासिक अभिलेख आयोग इंग्रजांनी १९१९ साली स्थापन केला. त्याच्या अधिवेशनांची परंपरा स्वराज्यातही चालू राहिली. १९९३ च्या सार्वजनिक अभिलेख कायद्याने केंद्रीय कार्यालयांत अभिलेख अधिकारी नेमणे बंधनकारक केले आणि बेकायदा कागद नष्ट करणाऱ्यास पाच वर्षांपर्यंतच्या कारावासाची तरतूद केली.

मग उणीव कशाची? पुण्याच्या पेशवे दफ्तरात मोडी कागदांचे हजारो रुमाल आहेत. रियासतकार सरदेसाईंनी त्यांतून निवडक कागदांचे ४५ खंड सिद्ध केले. उरलेला साठा अफाट आहे. अधिवेशनांत संगणकीकरणाचे गोडवे गायले जातात. परंतु वाचणाराच नसेल, तर कागदाचे छायाचित्रही मुकेच राहणार. म्हणून अशा प्रत्येक अधिवेशनाला मोडी वाचनवर्गाची जोड हवी आणि त्या वर्गांत आपल्या घरांतील तरुण व सेवानिवृत्त दिसावेत. इतिहासाचार्य राजवाडे कागदांसाठी गावोगाव वणवण हिंडले. आपल्याला केवळ एक लिपी शिकायची आहे.