पाय गेले, तर आधी गव्हाण पाहावी

दावणीचे जनावर एकाएकी बसले आणि उठेना, की आपल्याकडे कारणे ठरलेली असतात. नुकतीच व्यालेली गाय असेल तर दुग्धज्वर, पावसाळा असेल तर तिवा, तरणा गोऱ्हा असेल तर फऱ्या. ही कारणे खोटी नव्हेत. पुष्कळदा तीच खरी ठरतात. परंतु गव्हाणीत चार दिवसांत काय पडले, हा प्रश्न सर्वांच्या शेवटी, बहुधा जनावर गेल्यावर, विचारला जातो. तो सर्वांच्या आधी विचारला जावा, असे आमचे मत आहे.

विषारी वनस्पती म्हटली की धोतरा, कण्हेर, रुई डोळ्यांपुढे येतात. त्यांची भीती गुराख्याच्या पोरासही असते. जनावराचे स्नायू व पाय निकामी करणाऱ्या वनस्पतींची गोष्ट निराळी. त्यांतील दोन तर आपल्या विश्वासातल्या आहेत.

पहिली कासविंदा. पिवळ्या फुलांचे, उग्र वासाचे हे झुडूप उकिरड्याशी, रस्त्याच्या कडेस व पडीत जमिनीत उगवते. घरगुती औषधांत त्यास मान आहे, आणि भाजलेल्या बियांची कॉफी कित्येक देशांत पितात. भाजल्याने विष बरेच कमी होते. गाईच्या वाट्यास मात्र बी कच्चेच येते. हिरवा पाला गुरे वासामुळे सहसा सोडतात. खरे संकट बियांचे. शेतात तण म्हणून माजलेल्या झाडाच्या शेंगा पिकाबरोबर कापल्या व मळल्या जातात आणि बी धान्यात मिसळून खुराकात उतरते. प्रथम ढाळ लागतात, मग मागचे पाय लटपटतात, लघवी काळपट तांबूस होते. स्नायूंचे तंतू नासून त्यांतील रंगद्रव्य मूत्रावाटे जात असते. विशेष हे की, बसलेले जनावर सावध असते व पुढ्यात टाकलेले खाते. ‘खाते आहे, म्हणजे उठेल’ अशा आशेने मालक तोच खुराक पुन्हा पुढे करतो. या विषावर उतारा नाही. पश्चिम उत्तर प्रदेशात दगावणाऱ्या लहान मुलांच्या आजाराचा संबंधही २००७ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने याच झाडाच्या शेंगांशी जोडला.

पावसाळ्यात भाजीस येणारा टाकळा तो हा नव्हे. टाकळ्याच्या पानात गोलट टोकाच्या पर्णिकांच्या बहुधा तीन जोड्या असतात. कासविंद्यात चार ते सहा, आणि टोकदार.

दुसरी लाख, म्हणजे लाखोळी. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली या धानपट्ट्यात ती उभ्या धानात पेरतात. उरलेल्या ओलीवर, पाण्याविना ती येते, म्हणून गरिबाचा तिच्यावर जीव. तिच्यातील विष भारतीय शास्त्रज्ञांनी १९६४ साली वेगळे करून दाखविले. ते स्नायूंवर नव्हे, मज्जातंतूंवर घाला घालते. परिणाम मात्र पाय लुळे पडण्यातच होतो. घोडा यास फार नाजूक. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हिंदुस्थानातून गेलेल्या या कडधान्याने इंग्लंडातील घोडे पायांतून गेले व श्रम होताच घोरू लागले. रवंथ करणारी गुरे त्या मानाने अधिक सोसतात, पण सोसणे म्हणजे निर्धोक असणे नव्हे.

माणसाच्या अन्नात लाख नको, म्हणून १९६१ साली तिच्या विक्रीवर बंदीची तरतूद झाली. तिच्यावर वाद पुष्कळ झाला. पण ताटावरून उठलेले धान्य गोठ्याकडे वळते, याचा विचार तितका झाला नाही. लाख पेरूच नये, असे आम्ही म्हणणार नाही. ज्या जमिनीत दुसरे काही येत नाही, तेथील शेतकऱ्यास असा उपदेश करणे सोपे आहे. रतन, प्रतीक, महातिवरा असे कमी विषाचे वाण आता उपलब्ध आहेत. ते पेरावेत, घोड्यास लाख मुळीच देऊ नये, आणि बैलाच्या खुराकात ती एकटी किंवा महिनोन्‌महिने असू नये.

हे सारे गिरगावात बसून लिहिण्याचे कारण काय, असे कोणी विचारील. येथील चाळींतील पुष्कळ कुटुंबांचा गोठा आजही कोकणात आहे, व त्याच्या खुराकाचे पैसे येथूनच जातात. भुलेश्वरचे पांजरपोळ १८३४ पासून हाकेच्या अंतरावर आहे. देवळापाशी गाईस पेंढी घालणारा भाविक ती पेंढी उलगडून पाहत नाही. शहरात आणि आता खेड्यातही खुराक पोत्यातून येतो, आणि चुनी कशाची, हे पोत्यावर क्वचितच सापडते. चुनीत कोणकोणते कडधान्य आहे, हे विकणाऱ्याने लिहून द्यावे, ही मागणी गिऱ्हाइकाने करावयास हवी. दोन पैसे स्वस्त पडलेली चुनी चाळून पाहण्यास पाच मिनिटे लागतात. लाखेचा दाणा चपटा, कोनाकोनांचा, पाचरीसारखा असतो. कासविंद्याचे बी चपटे, गोलट व मळकट हिरवे-तपकिरी.

जनावर बसलेच, तर चालू खुराक तत्काळ बंद करावा, पण फेकून देऊ नये. त्यातील ओंजळभर कागदात बांधून, लघवीचा रंग ध्यानात ठेवून, तालुक्याच्या पशुवैद्यास दाखवावा. मुंबईत असल्यास परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात न्यावा. इतर स्नायुरोगांत उपयोगी पडणारे सेलेनियमचे इंजेक्शन कासविंद्याच्या विषात उपयोगी पडत नाही, तेव्हा ती पुडी पाहिल्यावाचून सुई टोचून घेण्याची घाई करू नये.