घड्याळापलीकडचा माणूस

कारखान्यातील श्रम हा विद्यापीठीय अध्ययनाचा विषय होऊ शकतो, हे विसाव्या शतकाच्या आरंभी सहज पटण्याजोगे नव्हते. अभियंत्याने यंत्र घडवावे, माणसांकडून काम करून घेणे मुकादमाने पाहावे, अशीच समजूत रूढ होती. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्य महाविद्यालयाने, म्हणजे आजच्या पेन स्टेट विद्यापीठाने, ती मोडीत काढली. फ्रेडरिक टेलर यांच्या शिफारशीवरून आलेल्या ह्यूगो डीमर यांनी तेथे १९०८ मध्ये औद्योगिक अभियांत्रिकीचे अध्यापन सुरू केले. १९०९ मध्ये उभा राहिलेला तेथील चार वर्षांचा पदवी अभ्यासक्रम या विषयातील जगातला पहिला मानला जातो.

हा विभाग पेनसिल्व्हेनियातच जन्माला यावा, हा योगायोग नव्हे. टेलर यांचे प्रयोग त्याच राज्यातील मिडव्हेल आणि बेथलहेमच्या पोलाद कारखान्यांत झाले होते. कामाचे लहान लहान भाग पाडायचे, प्रत्येकाला लागणारा वेळ घड्याळाने मोजायचा आणि निरर्थक हालचाली वगळायच्या, ही त्यांची पद्धती. तिने उत्पादन वाढले; पण माणूस हाही यंत्राचाच एक सुटा भाग ठरू लागला. १९११ मध्ये वॉटरटाऊनच्या सरकारी शस्त्रागारातील ओतकामगारांनी या घड्याळाविरुद्ध संप पुकारला. टेलर यांना अमेरिकी संसदेच्या समितीपुढे साक्ष द्यावी लागली.

या शास्त्राचे श्रेय असे, की त्याने हा धडा घेतला. फ्रँक आणि लिलियन गिल्ब्रेथ या दांपत्याने १९१६ मध्ये कामगाराच्या थकव्यावर ग्रंथ लिहिला. पुढे १९३५ मध्ये लिलियन पर्ड्यू विद्यापीठात प्राध्यापक झाल्या. कामगाराचा शीण हाही अभियंत्याच्याच चिंतेचा विषय आहे, हे आता मान्य झाले होते.

हीच विद्या १९६३ मध्ये आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या साहाय्याने मुंबईत पवईला आली आणि ‘नीटी’ ही राष्ट्रीय संस्था स्थापन झाली. २०२३ मध्ये तिचे रूपांतर भारतीय व्यवस्थापन संस्थेत झाले आणि नावातील ‘औद्योगिक अभियांत्रिकी’ हे शब्द गेले. पेन स्टेटच्या विभागाने मात्र ‘औद्योगिक’ हे विशेषण आजही जपले आहे. पाटी बदलण्यात वावगे काही नाही. परंतु व्यवस्थापनाच्या वातानुकूलित दालनातून कारखान्याची जमीन दिसेनाशी होणार असेल, तर गमावलेले फार मोठे असेल. कारण ज्याच्या श्रमावर उद्योग उभा राहतो, त्याला जाणल्यावाचून उद्योगाचे कोणतेही शास्त्र पूर्ण होत नाही.