शय्येवरील पाकळ्यांविषयी थोडेसे

स्मरणिकेसाठी आम्ही दरवर्षी तूर, हरभरा आणि गोदामातील साठवण यांवर काहीतरी लिहून देतो, आणि आमचे व्यापारी बंधू ते न वाचताच आमचे अभिनंदन करतात. यंदा विषय बदलण्याचे धाडस करीत आहोत. विवाहाच्या रात्री वधूवरांच्या शय्येवर ज्या सुगंधी पाकळ्या पसरल्या जातात, त्यांविषयी आम्हांस चार शब्द लिहावयाचे आहेत. पासष्टी गाठलेल्या भुसार व्यापाऱ्यास हे कोठून सुचले, असे कोणी विचारील. आमच्या सौभाग्यवतींनीही प्रथम तेच विचारले.

प्रसंग २०२३ च्या वैशाखातील. आमच्या पुतण्याचा विवाह झाला. कार्यालयाच्या सजावटीचे काम ज्या ठेकेदाराकडे दिले होते, त्याच्या बिलात ‘खोली सजावट, रु. ५,५००’ अशी एक बाब होती. बिल तपासणे हा आमचा जन्माचा स्वभाव. तरीही मंगलकार्यात घासाघीस नको म्हणून आम्ही सही केली. खोलीत पलंगावर लाल पाकळ्यांचा मोठा बदाम काढलेला होता, त्याच्या मध्यभागी टॉवेलांचे दोन हंस माना जुळवून बसविले होते, आणि दारापासून पलंगापर्यंत पाकळ्यांची वाट केलेली होती. सुवास इतका की जिन्यातच डोके जड व्हावे. जवळ जाऊन पाहिले तेव्हा कळले की पाकळ्या कापडाच्या. पॉलिएस्टरच्या चकचकीत कापडाचे तुकडे आणि त्यांवर फवारलेले अत्तर.

नव्या सूनबाईंना लहानपणापासून दम्याची तक्रार आहे. रात्री साडेबाराच्या सुमारास पुतण्याने आमच्या वहिनींचे दार ठोठावले आणि केरसुणी मागितली. दोघांनी मिळून खोली झाडली, खिडक्या उघडल्या, आणि हंसांना कपाटावर बसविले. ‘आमची खरी ओळख त्या केरसुणीने करून दिली’, असे सूनबाई आता हसून सांगतात. हे त्यांच्याच परवानगीने लिहीत आहोत. घाम लागून पाकळ्यांचा रंग चादरीस लागला होता, त्याचे पैसे ठेकेदाराने वेगळे लावले, ते असो. वहिनींनी त्या पाकळ्या पिशवीत बांधून माळ्यावर टाकल्या. दिवाळीच्या साफसफाईत पिशवी उघडली, तर सहा महिन्यांनंतरही वास तसाच्या तसा. तो वास नाकाशी आला तेव्हाच हा लेख आमच्या मनात आला.

कोणी असे समजू नये की आम्ही फुलांच्या किंवा शृंगाराच्या विरुद्ध लिहावयास बसलो आहोत. वृद्धांनी तरुणांच्या सुखाकडे कपाळास आठ्या घालून पाहण्याची जी रीत आहे, ती आम्हांस मान्य नाही. फुलांची शेज ही या देशातील जुनी विद्या आहे. वात्स्यायनाने ज्या चौसष्ट कला सांगितल्या, त्यांत पुष्पास्तरण, म्हणजे फुले अंथरण्याची कला, स्वतंत्रपणे मोजली आहे. आम्हां धान्यवाल्यांस अभिमान वाटावा अशी गोष्ट ही की, तिच्या लगेच आधीची कला तांदूळ आणि फुले यांच्या रचनेची आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातील ‘मानसोल्लास’ ग्रंथात राजाच्या वीस उपभोगांत माला, विलेपन, शय्या आणि धूप यांस प्रत्येकी वेगळे स्थान आहे. ही कल्याणी म्हणजे आजच्या बिदर जिल्ह्यातील बसवकल्याण. आपल्यातील कित्येकांचे सोयरसंबंध त्या बाजूस आहेत. तेव्हा ही चाल सिनेमाने आणली असे म्हणणे बरोबर नाही. सिनेमाने फार तर तिला लाल रंग दिला.

परंतु ही विद्या जाणणाऱ्यास फुलाचा स्वभाव ठाऊक असे. मोगऱ्याच्या कळ्या सकाळी खुडतात आणि त्या संध्याकाळी उमलतात. सात वाजता घेतलेला गजरा जेवणे आटोपेपर्यंत खरा बहरास येतो. निशिगंधाचा सुवास रात्रीच वाढतो, आणि फूल खुडल्यावरही ते काही काळ सुवास देत राहते. म्हणूनच आपल्याकडे शेजेला गुलछडी आणि मोगरा असत. (ही गुलछडी मूळची मेक्सिकोची, हे आमच्या नातवाने सांगितले तेव्हा आम्ही चकित झालो. जे इतके आपले वाटते तेही कधीकाळी परक्या देशाहून आले होते.) गुलाबाचे तसे नाही. देशी गुलाब पहाटे खुडावा लागतो; ऊन चढले की सुवास उडतो, आणि पाकळी देठापासून सुटल्यावर तो फार टिकत नाही. कनौजचे अत्तरवाले पाकळ्या आणल्याबरोबर तांब्याच्या देगांत घालतात, त्याचे कारण हेच. एक किलो गुलाबतेलास साधारण साडेतीन ते चार टन पाकळ्या लागतात. आपल्या हिशेबाने सांगावयाचे तर पन्नास किलोची सत्तर-ऐंशी पोती रिकामी करावी, तेव्हा तळाशी एक किलो माल हाती यावा! असा तोटा सोसण्यास भुसार बाजारात कोण तयार होईल?

आज दुकानांत जे लांब दांड्याचे गुलाब मिळतात, त्यांचे संकर दांडा, रंग आणि टिकाऊपणा पाहून केले जातात. त्या खटपटीत सुवास मागे पडला. तळेगावच्या बाजूस काचघरासारख्या प्लास्टिकच्या घरांत फेब्रुवारीसाठी जे गुलाब वाढवितात, ते डोळ्यांस सुंदर असतात, हे निःसंशय. नाक मात्र रिकामे परतते. मग सजावटवाला त्यांवर अत्तर फवारतो. आणि एकदा अत्तर फवारावयाचेच, तर खाली खरी पाकळी तरी कशास हवी, असा विचार त्याच्या मनात यावा हे व्यापाराच्या दृष्टीने अगदी सरळ आहे. कापडाची पाकळी पुढच्या लग्नास पुन्हा वापरता येते. आम्ही त्यास दोष देत नाही. गिऱ्हाईक जे न पाहता घेते, ते व्यापारी विकणारच. गिऱ्हाईक आम्ही होतो.

गेल्या वर्षी हा विषय आम्ही काही तरुण सभासदांपाशी काढला, तेव्हा एकाने उत्तर दिले ते विचार करण्याजोगे होते. तो म्हणाला, “काका, फुले खुडणे यातही हिंसा आहेच ना? मग कापडाच्या पाकळ्या आपल्या धर्माला अधिक जवळच्या नाहीत काय?” आम्ही त्या दिवशी निरुत्तर झालो, आणि त्याचे श्रेय त्यास दिले पाहिजे. आपल्यातील तेरापंथी घरांत पूजेच्या अष्टद्रव्यांत पुष्प म्हणून केशरी तांदूळ वाहतात, हे सर्वांस ठाऊक आहे. परंतु तो तांदूळ आपण फूल आहोत असे सोंग करीत नाही. पिवळा तांदूळ पिवळा तांदूळच दिसतो, आणि वाहणाऱ्याच्या भावाने तो पुष्प होतो. समंतभद्र आचार्यांनी ‘रत्नकरंड श्रावकाचारा’त काही वस्तू त्यागाव्या म्हणून सांगितल्या, त्यांत केतकीचे फूलही आहे, आणि कारण दिले ते असे की लाभ थोडा आणि घात मोठा. हीच कसोटी कापडाच्या पाकळीस लावावी. ती खनिज तेलापासून होते, कुजत नाही, लग्न उरकल्यावर गटारात जाते किंवा गुराढोरांच्या तोंडी लागते. लाभ काय, तर एका रात्रीची डोकेदुखी. ज्यांचा फुले न खुडण्याचा नेम असेल, त्यांच्या घरी शेज बिनफुलांची असावी. स्वच्छ धुतलेली पांढरी चादर आणि उघडी खिडकी यांनी कोणाच्या संसारास उणेपणा आलेला आम्ही पाहिला नाही. नेम नसेल त्यांनी थोडी, पण खरी फुले आणावी. आचार्यांनी त्याच ग्रंथात भोग आणि उपभोग यांत भेद केला आहे : एकदा भोगून टाकावयाचा तो भोग, पुनःपुन्हा भोगावयाचा तो उपभोग. फूल पहिल्या वर्गातले. त्यास दुसऱ्या वर्गात ओढून नेले की ते फूल राहत नाही.

आता स्वतःविषयी सांगणे भाग आहे.

आमचा विवाह १९८६ साली झाला. शेज आमच्या दोन बहिणींनी आणि थोरल्या वहिनींनी केली. त्या दिवशी दुपारपासून त्या माजघरात मोगऱ्याच्या माळा ओवीत बसल्या होत्या आणि आम्ही जवळून गेलो की हसत होत्या. पलंगास चार माळा, उशाशी ओंजळभर कळ्या, एवढीच ती सजावट. त्या माळांपेक्षा, ती ओवताना जी थट्टा चालली होती तीच आम्हांस अधिक आठवते. घरातल्या बायकांनी आपल्या हाताने नव्या सुनेस दिलेला तो होकार होता. ठेकेदाराच्या माणसास वधूचे नावही ठाऊक नसते. भिंतीवर लावावयाच्या अक्षरांसाठी तो ते कागदावर लिहून घेतो.

पुढे दोन-तीन वर्षे आम्ही दर शनिवारी दुकान बंद करून गजरा घेऊन घरी जात असू. नंतर नवे गोदाम घेतले, कर्ज झाले, रात्रीचे दहा वाजू लागले, आणि गजरा केव्हा सुटला ते आमच्या लक्षातही आले नाही. सौभाग्यवती कधी बोलल्या नाहीत. २०२० साली टाळेबंदी झाली. धान्याची दुकाने उघडी, पण दुपारी दोनपर्यंतच. तीस वर्षांत प्रथमच आम्ही संध्याकाळी घरी बसू लागलो. एके दिवशी मागच्या अंगणात मोगऱ्याचे छातीइतके उंच झुडूप दिसले. हे कधी लावले, असे आम्ही सहज विचारले. “शाळेत होता ना धाकटा, तेव्हाचे आहे,” त्या म्हणाल्या. धाकट्या चिरंजिवांना तेव्हा स्वतःची दोन मुले होती. म्हणजे वीसाहून अधिक वर्षे त्या रोज संध्याकाळी आपल्याच झाडाची फुले ओवून आपल्याच केसांत माळीत होत्या, आणि बारदानाचा व तुरीच्या भुकटीचा वास अंगावर घेऊन आम्ही जेवावयास बसत होतो, पण आमच्या नाकास ती फुले एकदाही कळली नव्हती. त्या संध्याकाळी कळ्या आम्ही खुडल्या. ओवता आले नाही. दोरा तीनदा तुटला.

आपल्या पेढ्यांवरील तरुण मुलांकडे पाहिले की आम्हांस ते झुडूप आठवते. सकाळी बाजारभाव, दुपारी माल, संध्याकाळी वसुली, रात्री मोबाईलवर पुन्हा बाजारभाव. लग्नाच्या रात्री साडेपाच हजारांच्या पाकळ्या आणि पुढे दहा वर्षे काही नाही, हा हिशेब आमच्या खतावणीत बसत नाही. पंचवीस रुपयांचा गजरा धरला तर त्याच रकमेत दोनशेवीस संध्याकाळी होतात. लग्नसराईत भाव चढतो हे खरे. तेव्हा दीडशे धरा. श्रावकास स्वदारसंतोषाचे जे व्रत सांगितले आहे, त्याचा अर्थ आपण नेहमी ‘इतरत्र पाहू नये’ एवढाच करतो. जिच्यात संतोष मानावयाचा तिच्याकडे पाहावे तरी, हा त्याचा दुसरा अर्धा भाग आपल्या व्याख्यानांत फारसा येत नाही.

म्हणून संघाच्या वार्षिक सभेपुढे आमची एक लहानशी सूचना आहे. समाजाच्या कार्यालयाचा सजावटीचा करार येत्या वर्षी नव्याने करावयाचा आहे. त्यातून ‘खोली सजावट’ ही बाब वगळावी, आणि फवारलेल्या व कापडाच्या पाकळ्या कार्यालयात आणू नयेत अशी अट घालावी. त्याऐवजी वरच्या मजल्यावरील मागची खोली वधूवरांकडील बायकांस दुपारी तीनपासून मोकळी द्यावी. तेथे एक सतरंजी, दोरा, सुया आणि पाण्याने भिजविलेले फडके एवढे साहित्य ठेवावे. फुले ज्याने त्याने आणावी, ज्यांचा नेम असेल त्यांनी आणू नयेत. दुसऱ्या दिवशीची कोमेजलेली फुले टाकण्यासाठी मागच्या आवारात एक खड्डा खणून देण्याचा खर्च आम्ही करू.