डार्क चॉकलेट : औषध की खाऊ?

मागील हिवाळ्यात एक आजोबा आपल्या सात वर्षांच्या नातीला घेऊन माझ्या दवाखान्यात आले. मुलगी फिकट, हिमोग्लोबिन ८.२. “डॉक्टरसाहेब, रोज रात्री दुधाबरोबर डार्क चॉकलेटचा तुकडा देतो आहे. लोह भरपूर असतं ना त्यात!” असे म्हणून त्यांनी मोबाइलवर आलेला संदेश दाखविला. मी मनातून ओशाळलो. तसाच संदेश मीही आमच्या डॉक्टर मित्रांना पाठविला होता.

डार्क चॉकलेटची महती सर्वस्वी खोटी नाही. कोकोतील फ्लॅव्हॅनॉलमुळे रक्तवाहिन्यांच्या अंतःस्तरात नायट्रिक ऑक्साइड वाढते, वाहिन्या सैलावतात, रक्तदाब किंचित उतरतो. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील ‘कॉसमॉस’ चाचणीत २१,४४२ ज्येष्ठांपैकी निम्म्यांना रोज ५०० मिलिग्रॅम फ्लॅव्हॅनॉल दिले गेले. हृदयविकाराच्या एकूण घटनांतील घट संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरली नाही. हृद्रोगाने होणारे मृत्यू मात्र २७ टक्क्यांनी कमी आढळले. परंतु हे सारे साठीपलीकडचे लोक होते, आणि त्यांना दिला तो कोकोचा अर्क, कॅप्सूलमधून. चॉकलेट नव्हे! कडवटपणा घालविण्यासाठी कोकोवर अल्कलीची प्रक्रिया केली, की फ्लॅव्हॅनॉलचा मोठा भाग नष्ट होतो. वेष्टनावरील ‘७० टक्के’ हा आकडा कोकोचा असतो, फ्लॅव्हॅनॉलचा नव्हे.

आता लोहाविषयी. शंभर ग्रॅम डार्क चॉकलेटमध्ये सुमारे १२ मिलिग्रॅम लोह असते, हे खरे. पण त्यासोबत सुमारे ६०० कॅलरी, शिवाय कॅफीन आणि थिओब्रोमीन येतात. दहा ग्रॅमच्या तुकड्यात कागदावर १.२ मिलिग्रॅम लोह. त्याचेही शोषण कोकोतील पॉलिफेनॉल अडवितात, आणि वरून दुधातील कॅल्शियम. म्हणजे आजोबांनी मोठ्या मायेने नेमकी उलटी जोडी जमविली होती. काही डार्क चॉकलेटांत शिसे व कॅडमियमही आढळले आहे. बालरोगतज्ज्ञाला ही गोष्ट नजरेआड करता येत नाही.

२०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात पाच वर्षांखालील ६७ टक्के बालके रक्तक्षयी आढळली. अशा देशात आम्ही डॉक्टरांनीच खाऊला औषधाची प्रतिष्ठा द्यावी, हे मला पटत नाही. मुलाने सणासुदीला तुकडा जरूर खावा, पण चवीसाठी.

मुलीला लोहाचे औषध सुरू केले, दूध वेगळ्या वेळी द्यायला सांगितले, वरणभातावर लिंबू पिळायला सांगितले. तीन महिन्यांनी हिमोग्लोबिन ११.६ झाले. उरलेले चॉकलेट आजोबांनी स्वतःकडे ठेवले आहे. त्यांच्या साखरेची चौकशी आमच्या फिजिशियन मित्रांनी करावी.