आढळले नाही, की पाहताच आले नाही?

पीकपाहणीला निघालेल्या तलाठ्याने ज्या शेताच्या बांधावर पाऊल ठेवलेच नाही त्या शेतापुढे 'पड' अशी नोंद केली, तर ती नोंद नुसती अपुरी राहत नाही, ती असत्य ठरते. कारण पुढे पीककर्ज असो वा नुकसानभरपाई असो, निवाडा त्याच रकान्यावरून होतो आणि दफ्तरात लिहिले आहे ते खरे, असे मानूनच सारा कारभार चालतो. नेमका हाच प्रमाद आज बँका, विमा कंपन्या आणि मोठमोठे उद्योग यांच्या संगणकीय दफ्तरांत रोज रात्री घडत आहे, आणि ज्यांची माहिती तेथे ठेवलेली आहे त्या सामान्य खातेदारांना त्याची गंधवार्ताही नाही, म्हणून हा लेखनप्रपंच.

आपण मोबाइलवरून विजेचे बिल भरतो तेव्हा एका संस्थेची प्रणाली दुसऱ्या संस्थेच्या प्रणालीला काही विचारते आणि उत्तर घेऊन परतते. या विचारपुशीची जी ठरलेली रीत तिला एपीआय म्हणतात. आणि बाहेरून येणाऱ्या अशा असंख्य विचारणा ज्या एका देवडीतून आत घेतल्या जातात, जेथे येणाऱ्याची ओळख पटवली जाते, त्याच्या खेपांची मोजदाद होते आणि मग त्याची योग्य दालनाकडे रवानगी होते, ती देवडी म्हणजे एपीआय गेटवे. मोठ्या संस्थेत अशी देवडी एकच असते हा समज चुकीचा आहे. एका खात्याने पाच वर्षांपूर्वी एक उभारलेली असते, दुसऱ्याने चाचणीपुरती म्हणून आणखी एक उघडलेली असते, ती उघडणारा मनुष्य नोकरी सोडून गेलेला असतो, आणि देवडी मात्र रात्रंदिवस उघडीच असते. आपल्या एकंदर किती देवड्या आहेत, या साध्या प्रश्नाचे उत्तर मिळावे म्हणूनच 'डिस्कव्हरी' नावाचे सॉफ्टवेअर बसवले जाते. ते ठरलेल्या वेळी, नेमून दिलेल्या पत्त्यांच्या हद्दीत, प्रत्येक यंत्राचे दार वाजवते, दिलेल्या खात्याने आत शिरते, कोणकोणत्या प्रोसेस चालू आहेत आणि कोणते पोर्ट उघडे आहेत यांची यादी घेते, ती आपल्याजवळच्या खुणांशी ताडून पाहते आणि जुळलेली नावे सीएमडीबी या मध्यवर्ती नोंदवहीत चढवते.

येथवर सर्व ठीक वाटते. परंतु या सॉफ्टवेअरला जेवढी हद्द, जेवढे परवाने आणि ज्या खुणा आपण देतो तेवढेच त्याला दिसते, आणि ही मांडणी करून देणे हेच खरे काम आहे. काँग हा अनेक ठिकाणी वापरला जाणारा गेटवे घ्या. तो इंजिनएक्स या सुप्रसिद्ध वेब सर्व्हरच्या पायावर उभारलेला असल्यामुळे यंत्रावर चालू असलेल्या प्रोसेसच्या यादीत त्याचे नाव 'इंजिनएक्स' असेच उमटते. प्रोसेसचे नुसते नाव वाचणारी डिस्कव्हरी त्याची नोंद साधा वेब सर्व्हर म्हणून करून पुढे जाते. त्याच ओळीत थोडे पुढे, कोणत्या फोल्डरचा आधार घेऊन तो चालवला आहे हे लिहिलेले असते आणि तेथे 'काँग' हे नाव स्पष्ट असते. पण ती पुढची अक्षरे वाचावीत, असे कोणीतरी आधी सांगून ठेवावे लागते. नाव पटल्यावरही काम संपत नाही. या देवडीतून कोणकोणत्या वाटा कोठे जातात हे त्याच्या व्यवस्थापनाच्या पोर्टाला, म्हणजे ८००१ या क्रमांकाला, विचारावे लागते, आणि ते पोर्ट मूळ मांडणीत फक्त त्याच यंत्रावरून आलेल्या प्रश्नाला उत्तर देते, हे सुरक्षेच्या दृष्टीने योग्यच आहे. सबब, यंत्रात रीतसर शिरून आतून विचारण्याची मुभा तपासणाऱ्या खात्यास नसेल, तर बाहेरून कितीही दार ठोठावले तरी हाती काही लागत नाही.

आणि हाती काही न लागणे म्हणजे तेथे काही नसणे, असे धरले की अनर्थ ओढवतो. पतविषयक माहिती ठेवणाऱ्या इक्विफॅक्स या अमेरिकी कंपनीचे २०१७ सालचे प्रकरण गेटवेचे नव्हते, तथापि त्याचे मूळ हेच होते. अपाची स्ट्रट्स या सॉफ्टवेअरमध्ये गंभीर दोष असल्याची सरकारी सूचना ८ मार्च रोजी निघाली, कंपनीने १५ मार्च रोजी आपल्या यंत्रांवर शोध चालवला, आणि शोधात काहीच निघाले नाही. पुढे अमेरिकी काँग्रेसच्या चौकशीत उघड झाले ते असे की, शोधणारे साधन मूळ फोल्डर पाहून परतले होते. स्ट्रट्स ज्या पोटफोल्डरात होते तेथवर ते उतरलेच नव्हते. मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत घुसखोर आत वावरत होते आणि सुमारे १४ कोटी ७० लाख लोकांची माहिती त्यांच्या हाती गेली. त्या मार्चमधील अहवालात 'एवढेच पाहिले, याच्या खाली पाहिलेले नाही' असे एक वाक्य असते तर कोणाला तरी खाली उतरावेसे वाटले असते, असे मला राहून राहून वाटते.

सुरक्षा-अधिकारी तपासणीच्या सॉफ्टवेअरला आत शिरण्याचे खाते देण्यास नाखूश असतात. साऱ्या किल्ल्या एकाच पेटीत जमा होतील ही त्यांची भीती निराधार नाही, आणि तिला उतावीळपणे झिडकारणाऱ्यांच्या पंक्तीस मी बसणार नाही. ते खाते केवळ वाचण्यापुरते असावे, त्याच्या प्रत्येक वापराची नोंद राहावी, किल्ल्या ठरावीक मुदतीने बदलाव्यात, हे सर्व मान्य. परंतु इतकी दक्षता घेऊनही ज्या यंत्रांपुरता नकार कायम राहील, त्या यंत्रांची नावे अहवालातून गळता कामा नयेत. कंटेनरांची, म्हणजे गरजेनुसार उभ्या होणाऱ्या तात्पुरत्या सॉफ्टवेअर-कप्प्यांची, गोष्ट आणखी निराळी आहे. दोन रात्रींच्या तपासण्यांमध्ये ते जन्मतात आणि नाहीसेही होतात, म्हणून तेथे दारोदार हिंडण्याऐवजी कुबरनेटीससारख्या नियंत्रकालाच विचारणे शहाणपणाचे.

रिझर्व्ह बँकेने २ जून २०१६ च्या परिपत्रकाने बँकांना आपल्या माहिती-मालमत्तेची अद्ययावत यादी ठेवण्यास फर्मावले, आणि सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या आदेशानुसार सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवावी लागते. आपल्या देवड्यांची गणतीच ज्यास ठाऊक नाही तो ६ तासांत काय कळवणार? ऑस्ट्रेलियातील ऑप्टस या दूरसंचार कंपनीविरुद्ध तेथील नियामक संस्थेने न्यायालयात दिलेली कैफियत या संदर्भात वाचण्यासारखी आहे. ओळख तपासण्याच्या व्यवस्थेतील एक चूक कंपनीने २०२१ साली एका दारावर दुरुस्त केली, पण तीच चूक दुसऱ्या, वापरात नसलेल्या आणि तरीही इंटरनेटवर उघड्या असलेल्या दारावर तशीच राहिली. सप्टेंबर २०२२ मध्ये त्याच दाराने ९५ लाखांहून अधिक लोकांची माहिती बाहेर गेली, असे त्या कैफियतीचे म्हणणे आहे.

मी ज्या संस्थेत ही कामे दीर्घकाळ पाहिली, तेथे काँगचे गेटवे वर्षभराहून अधिक काळ वेब सर्व्हर म्हणूनच नोंदले जात होते. एका सहकाऱ्याने सहज म्हणून प्रोसेसची ओळ शेवटपर्यंत वाचली तेव्हा ते ध्यानात आले. खूण दुरुस्त करणे अर्ध्या दिवसाचे काम होते आणि ते लगेच झाले. परंतु अशा आणखी किती ओळी अर्ध्याच वाचल्या जात असतील हा विचार आम्हाला स्वस्थ बसू देईना, म्हणून आम्ही रोजच्या अहवालात 'आढळले' आणि 'आढळले नाही' यांच्या जोडीला 'पाहता आले नाही' असा तिसरा रकाना घातला, आणि त्यात कारण लिहिणे सक्तीचे केले: परवाना नाकारला, खात्याची मुदत संपली, फायरवॉलने अडवले, हद्दीबाहेर. पहिल्याच रात्री त्या रकान्यात दीड पान नोंदी पडल्या. सकाळी आम्ही तिघे तो कागद पुढे घेऊन बसलो, आणि पहिल्या ओळीतल्या यंत्राचा मालक कोण, हे विचारायला फोन उचलला.