शेवटचे पान

गोरेगावच्या जवाहरनगरातील एक इमारत पुनर्विकासासाठी रिकामी करण्याचे ठरले, तेव्हा तेथील एका कापडव्यापारी कुटुंबापुढे एक निराळाच प्रश्न उभा राहिला. भांडी, कपाटे, दुकानाच्या जुन्या वह्या यांची सोय लागली. राहिली ती लाल कापडात बांधलेली कल्पसूत्राची हस्तलिखित पोथी. कित्येक पिढ्या ती घरात होती. पर्युषणात तिला वासक्षेप वाहावा आणि एरवी कपाटात जपून ठेवावे, एवढाच तिचा परिपाठ. त्यातच जुन्या वस्तूंचा एक खरेदीदार येऊन चांगली किंमत सांगून गेला.

मुलगा म्हणाला, "बाबा, भाड्याच्या घरात ओल असणार. वाळवी लागण्यापेक्षा कोणाच्या तरी हाती पोथी सुखरूप राहील."

आजोबा दोन दिवस काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "येत्या रविवारी सगळ्यांनी चला. अशा वस्तू जेथे ठेवतात, ती ठिकाणे एकदा पाहू. मग ठरवू."

चाळीस वर्षे त्यांनी मूळजी जेठा मार्केटात काढली होती. काळा घोडा परिसरातून ते असंख्य वेळा गेले, पण संग्रहालयाच्या फाटकाच्या आत त्यांचे पाऊल कधी पडले नव्हते.

पौषातील रविवार होता. नवकारशी आटोपून, उकाळलेले पाणी आणि खाकऱ्यांचे डबे घेऊन पाच जणांचे कुटुंब गाडीतून निघाले. द्रुतगती मार्गाने शीव आणि तेथून भायखळा. तेथे प्रथम मोतीशा शेठ यांनी उभारलेल्या आदीश्वर देरासरात दर्शन झाले. शत्रुंजयावर ज्यांच्या नावाची टूंक आहे, तेच हे शेठ.

मग जवळचे डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय. १८७२ साली लोकांसाठी खुले झालेले हे मुंबईतील सर्वांत जुने संग्रहालय. जगन्नाथ शंकरशेट आणि डॉ. भाऊ दाजी यांनी त्यासाठी लोकांकडून निधी उभा केला. आरंभी त्यास इंग्लंडच्या राणीचे व तिच्या पतीचे नाव होते; १९७५ साली डॉ. भाऊ दाजींचे नाव देण्यात आले. मातीच्या लहान पुतळ्यांतून उभे केलेले जुन्या मुंबईतील लोकांचे पोशाख आणि व्यवसाय पाहताना आजोबा प्रत्येक काचेपाशी रेंगाळले. बाहेर बागेत घारापुरीचा दगडी हत्ती आहे. त्याच्याच नावावरून परकीयांनी त्या बेटाला 'एलिफंटा' म्हटले. हा हत्ती इंग्लंडला नेण्याच्या प्रयत्नात उचलताना कोसळून भंगला आणि म्हणूनच येथे राहिला, हे ऐकून आठवीतला नातू बराच वेळ त्याचे सांधे न्याहाळीत राहिला.

दुपारी कुटुंब छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात पोहोचले. या संग्रहाचा पायाही मोठ्या प्रमाणात व्यापाऱ्यांच्या संचयातूनच घातला गेला. १९१५ साली शेठ पुरुषोत्तम मावजी यांचा संग्रह येथे आला. पुढे सर रतन टाटा आणि सर दोराब टाटा यांचेही संग्रह आले. येथील भगवान पार्श्वनाथांची उभी कांस्यमूर्ती सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची असावी, असे अभ्यासक मानतात. डोक्यावरील नागफणा आणि उजवा हात यांचा काही भाग काळाने नेला आहे. श्रवणबेळगोळची बाहुबलींची कांस्यमूर्तीही याच संग्रहातील. पायांवर वेली चढल्या आहेत, केसांच्या बटा खांद्यावर उतरल्या आहेत. केशर नाही, फुले नाहीत, घंटा नाही. तरीही आजींचे हात आपोआप जोडले गेले.

चित्रित जैन पोथ्यांची पानेही या संग्रहात आहेत. एका बाजूस वळलेला चेहरा, गालाबाहेर आलेला दुसरा डोळा, लाल पार्श्वभूमी, त्यावर निळा आणि सोनेरी रंग. ताडपत्र मागे पडून कागद आला, तरी लेखकांनी पानाचा आडवा आकार सोडला नाही आणि दोरा ओवण्याच्या भोकाच्या जागी शोभेचा ठिपका ठेवला. नातू म्हणाला, "आपल्या पोथीतही असा ठिपका आहे."

तेथून जहांगीर कलादालन आणि समोरचे राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय, दोन्ही पायी झाली. येथे प्रत्येक चित्राशेजारी चित्रकाराचे नाव होते. नातवाने विचारले, "आजोबा, आपल्या पोथीवर कोणाचे नाव आहे?"

आजोबा थांबले. पोथीला त्यांनी आयुष्यभर वंदन केले होते. शेवटचे पान कधी वाचले नव्हते.

चार वाजता गाडी राजाबाई टॉवरवरून गेली. शेअर बाजारातील नामांकित शेठ प्रेमचंद रायचंद यांनी आईच्या नावाने दिलेल्या देणगीतून हा मनोरा १८७८ साली पूर्ण झाला. दृष्टी गेलेल्या राजाबाईंना घंटेवरून वेळ कळावी आणि सूर्यास्तापूर्वी भोजन करता यावे, म्हणून मुलाने तो बांधविला, असे सांगतात. आज त्या कुटुंबालाही चौविहारापूर्वी घर गाठायचे होते. सागरी किनारा मार्ग, मलबार टेकडीखालचा बोगदा, वरळीचा सागरी सेतू. सूर्य मावळण्याआधी सर्वजण जेवून उठले.

वाटेत मुलाने पुरावशेषांसंबंधीचा १९७२ चा कायदा मोबाइलवर वाचला. पंचाहत्तर वर्षांहून जुन्या मौल्यवान हस्तलिखिताला पुरावशेष मानतात. त्याचा व्यापार करणाऱ्यास परवाना लागतो आणि खाजगी व्यक्तीस ते परदेशी पाठविता येत नाही. खरेदीदाराने यातले काहीच सांगितले नव्हते.

प्रतिक्रमणानंतर आजोबांनी पोथी सोडली. अक्षरे जुन्या वळणाची. एकेक शब्द लावीत त्यांनी पुष्पिका वाचली. संवत, तिथी, गाव. मग एका श्राविकेचे नाव. सासूच्या श्रेयार्थ तिने ही पोथी लिहवून घेतली आणि साध्वीजींना वाचनासाठी अर्पण केली होती. ते नाव घरात कोणी कधी ऐकले नव्हते.

"ही दिलेली वस्तू आहे," आजोबा म्हणाले. "दिलेली वस्तू आपण कशी विकणार?"

मुलाने मान हलविली. पोथी ज्ञानभांडारास सोपवावी असे ठरले. तेथे वेखंड घालून ग्रंथ कोरड्या जागी ठेवतात, ज्ञानपंचमीस उघडून पाहतात आणि मागणाऱ्या अभ्यासकाला वाचायला देतात.

सूनबाईंनी प्रत्येक पानाचे छायाचित्र काढले. नातवाने त्या श्राविकेचे नाव आपल्या वहीत लिहून घेतले. सोमवारी दुकान उघडण्यापूर्वी मुलाने खरेदीदारास फोन करून नकार कळविला.