परीकथा नको, हक्क हवा!

‘नटी राजघराण्यात गेली’ ही परीकथा आजही कौतुकाने सांगितली जाते. आम्ही विचारतो, तिला मिळालं काय?

मुंबईच्या अभिनेत्री जुबैदा बेगम यांनी 1950 साली जोधपूरचे महाराजा हनवंतसिंह यांच्याशी लग्न केलं. अभिनय सुटला, धर्म बदलला, नावही बदललं. पहिली महाराणी हयात होती. राजघराण्याने जुबैदांना आपलं मानलं नाही.

त्याच काळात बाबासाहेब हिंदू कोड बिलासाठी झुंजत होते. एकपत्नीत्व, घटस्फोट, मुलीला वारसा! सनातन्यांनी ते रोखलं. 1951 मध्ये बाबासाहेबांनी मंत्रिपदावर लाथ मारली.

राजासाठी काम सोडणारीचं कौतुक, अन् स्त्रीच्या हक्कासाठी पद सोडणाऱ्याचा विसर? रिसोडच्या लेकींनो, वाड्याची स्वप्नं सोडा, स्वतःच्या पायावर उभ्या राहा.

जय भीम!